आर्चटॉपच्या आवाजाविषयीच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. आमच्याकडून बनवून घेतलेल्या आर्चटॉप, म्हणजे फुगीर तबलीच्या, गिटारला खर्ज नाही, सूर छेडल्याबरोबर विरतो, घोडी (तारांखालचा आधार) चिकटवलेलीच नसल्यामुळे तारा बदलताना हातात आली, आणि उन्हाळ्यात तारा उंच होऊन बोटं दुखायला लागली, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या पैशांत दोन चांगल्या साध्या गिटारी आल्या असत्या, हेही. अभिप्रायात दोन स्टार दिलेत ते खुशाल राहू द्या. मला काळजी आहे ती गिटारची, कारण ती अजून तुमच्या हाताला लागलेली नाही.

आधी घोडीचं सांगतो. साध्या गिटारमध्ये घोडी तबलीला, म्हणजे वरच्या फळीला, चिकटवलेली असते, तारा तिथेच अडकवतात आणि त्यांचा ओढा तबलीला पिळत राहतो. तुमच्या गिटारच्या तारा खालच्या टोकाला बसवलेल्या टेलपीसला बांधल्यात, घोडी केवळ त्यांच्या दाबाने उभी आहे. व्हायोलिनची अशीच असते, आपल्या ग्वाल्हेरच्या सरोदचीही अशीच असते. तिला चिकटवून द्या असं तुम्ही म्हटलंत, पण मग सूर जुळवायला ती सरकवता येणार नाही. तारा सगळ्या एकदम काढू नका, एक उतरवली की तिच्या जागी नवी चढवा. आता जागा हललीच आहे, तर बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर एक होईपर्यंत घोडी अगदी थोडी थोडी सरकवा. दाबलेला सूर चढा लागला तर घोडी टेलपीसकडे न्या, उतरला तर नेककडे, म्हणजे गिटारच्या दांड्याकडे.

आता आवाज. ही तबली सिट्का स्प्रूस या लाकडाच्या जाड फळीतून कोरून फुगीर केलेली आहे, मध्यभागी सुमारे ६ मिलिमीटर आणि कडेला त्याच्या निम्म्याच्या आसपास. कमान ताठ असते, म्हणून सूर लगेच उठतो, स्वच्छ उठतो आणि लवकर बसतो. खर्जापेक्षा मधले सूर पुढे येतात. गिब्सन कंपनीची एल-५ ही आर्चटॉप १९२२ सालची. पुढे मोठ्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीतूनही ताल ऐकू जावा म्हणून वादकांनी ही जात हाती धरली. काउंट बेसीच्या अमेरिकन जॅझ बँडमध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत वाजवत होते, तेही अँप्लिफायरशिवाय. त्यांचे कॉर्ड ऐका: दोन-तीन सूर, ठोका पडला की डावा हात किंचित सैल. सहाही तारा मोकळ्या सोडून झंकारत ठेवायची सवय साध्या गिटारची, ती इथे आणली तर आवाज कोरडाच वाटणार.

एक गोष्ट जरूर करून पाहा. मित्राला वाजवायला सांगा आणि तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा. आर्चटॉपचा आवाज समोर जातो, मांडीवर घेऊन वाजवणाऱ्याला तो कमीच मिळतो. मग तारा बदला. तुम्ही लावलेल्या ब्राँझच्या तारा चमकदार आवाजाच्या आहेत. निकेलच्या फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावल्या की वरचा खडखडाट जातो आणि सूर गोल होतो. ‘वाजवत राहा, लाकूड आपोआप उघडेल’ असं दुकानदार सांगतात, मी सांगणार नाही. लाकडाआधी कान आणि उजवा हात बदलतो, आणि ते मी माझ्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये पाहिलंय.

तारा उंच झाल्या त्याचं कारण तुमच्या फोटोतच दिसलं: गिटार कूलरसमोरच्या भिंतीवर टांगलीय. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश, हवा कोरडीठाक, आणि कूलरची खोली ओलीचिंब. स्प्रूस रेषांना आडवा फुगतो, कमान वर येते, तिच्याबरोबर घोडीही. हवा कोरडी पडली की उलट, कमान बसते आणि तारा पडद्यांवर करकरतात. हवेतली ओल ४५ ते ५५ टक्के राहील अशा जागी, केसमध्ये ठेवा. घोडीच्या दोन्ही बाजूंना पितळी चकत्या आहेत, त्या फिरवून उंची कमी करता येते; तारा थोड्या सैल करून मगच फिरवा.

तबली पातळ करून द्या, ही एक विनंती मात्र मान्य करणार नाही. खर्ज थोडा वाढेल, हे खरं. पण सहा तारांचा ताण मिळून ७० किलोच्या आसपास असतो, त्याचा काही भाग घोडीतून सतत खाली दाबतो. पातळ केलेली कमान खचायला लागली की परत भरून येत नाही.

गिटार घेऊन एकदा कारखान्यात या. घोडीचे पाय तबलीला पुन्हा बसवून, उंची आणि तारा जुळवून देईन, त्याचे पैसे नाहीत. इथे एक साधी गिटारही आहे, दोन्ही शेजारी ठेवून तुमच्यासमोर वाजवू. तरीही मन बसलं नाही, तर ही ठेवून घेतो आणि साधी, सपाट तबलीची फ्लॅटटॉप बनवून देतो, किमतीतला फरक परत. सकाळी अकराच्या आत आलात तर बरं, नंतर बाड्याच्या रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये काही ऐकू येत नाही.