कातडीच्या रंगाला ‘वर्णा’चं शास्त्र चिकटवू नका

लग्नसराई जवळ आली की पुण्यातल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वर्ण म्हणजे कातडीचा रंग, चार वर्ण त्यावरूनच पडले, गोरा माणूस सात्त्विक आणि काळा तामसी, गुणमेलनातही वर्ण बघतातच, तेव्हा स्थळाचा रंग बघणं शास्त्राला धरून आहे. हे वाचून घरातली सावळी मुलगी गप्प होते, म्हणून हे लिहितो आहे.

वर्ण म्हणजे रंग, हे खरं; पण तेवढंच नाही. शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात यास्कांनी हा शब्द ‘वृ’ धातूवरून लावला आहे. ‘वृ’चा एक अर्थ झाकणं, म्हणजे वरून जे दिसतं तो वर्ण. पुढे अक्षर, स्तुती, समाजातला गट असे अर्थही त्याला आले.

चार वर्णांसाठी ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताचा हवाला देतात. त्यात ब्राह्मण, राजन्य, वैश्य, शूद्र ही नावं आहेत. ‘वर्ण’ हा शब्द मात्र एकदाही नाही, आणि कातडीच्या रंगाचा उल्लेखही नाही.

रंगाचा उल्लेख सापडतो तो महाभारताच्या शांतिपर्वात. आपल्याच भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत 181वा अध्याय काढून बघा. तिथे भृगू आणि भरद्वाज या ऋषींचा संवाद आहे. भृगू म्हणतात, ब्राह्मणांचा वर्ण पांढरा, क्षत्रियांचा तांबडा, वैश्यांचा पिवळा, शूद्रांचा काळा. फिरणारा मजकूर इथेच थांबतो. पण लगेच पुढच्या श्लोकात भरद्वाज त्यांना अडवतात: रंगावरून वर्ण पाडायचे, तर सगळ्याच वर्णांत रंगांची सरमिसळ दिसते! काम, क्रोध, भय, लोभ, शोक, चिंता, भूक, श्रम आपल्या सगळ्यांनाच गाठतात, मग भेद कशावरून करायचा? यावर भृगूंनाही मान्य करावं लागतं की वर्णांत मुळात फरक नव्हता, तो कर्मांमुळे पडला. (कर्माचा हा युक्तिवादही मला पटत नाही, जन्माने चिकटलेल्या जातीचा जाच त्याने झाकला जातो.)

रंगावरून स्वभाव? कातडीतलं मेलॅनिन कमी-जास्त असलं की रंग बदलतो, एवढंच. महाभारत ज्यांच्या नावावर आहे ते व्यास ‘कृष्ण’ द्वैपायन, द्रौपदी ‘कृष्णा’, आणि वारकऱ्यांचा विठोबा सावळा. यांतलं तामसी कोण?

राहिलं गुणमेलन. छत्तीस गुणांपैकी वर्णाला एकच गुण आहे आणि तो चंद्रराशीवरून ठरतो. कर्क, वृश्चिक, मीन राशीचा विप्र, म्हणजे ब्राह्मण वर्ण. मेष, सिंह, धनूचा क्षत्रिय. पत्रिका मांडणारे गुरुजी त्यासाठी मुलीचा चेहराही बघत नाहीत. या वर्णाचा आधार देऊन बायोडेटात ‘गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा’ लिहायला लावणं सरळसरळ चूक आहे. वधूवर सूचक मंडळांनी फॉर्मवरचा तो रकाना काढून टाकावा, आणि तोवर आईवडिलांनी तो कोरा ठेवावा.