पितळेवर कोरलेली चूक

सकाळपासून डोकं फिरलंय. आमचे सर निवृत्त होतायत, रविवारी सत्कार आहे. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून उद्यमनगरात पितळी पाटी करायला टाकली होती. आज आणायला गेलो, तर नावाखाली प्रिन्सिपल लिहिलंय आणि शेवटी ए-एलच्या जागी एल-ई! मुख्याध्यापक नव्हे, तत्त्व. 31 वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला आम्ही हे देणार?

मी कागदावर एकेक अक्षर सुटं करून लिहून दिलं होतं. कागद पाटीवाल्याच्या टेबलावरच होता. तरी म्हणतोय, "मोबाईलवर बघून दुरुस्त केलं की. म्हणताना सेमच येतंय, कोण बघतंय एवढं?" दुरुस्त केलं! बरोबर होतं ते दुरुस्त करायला तुला सांगितलं कुणी? आणि हा काय फ्लेक्स आहे, फाडला आणि दुसरा लावला? पितळेवर कोरलंय रे!

कोण बघतंय म्हणे. सर बघतील! "हेडमास्तरांच्या खोलीत पाल असते, म्हणून शेवटी पी-ए-एल," हे आठवीत त्यांनीच शिकवलं. 22 वर्षं झाली, ती पाल डोक्यातनं गेलेली नाही.

आणि हा एकटाच नाही. रंकाळ्याकडं एका बोर्डावर डेझर्टमधला एक एस खाल्लाय, झालं वाळवंट. वह्या-पेनांच्या दुकानावर स्टेशनरी लिहिताना ई-आरच्या जागी ए-आर, म्हणजे जागचं न हलणारं. मुद्दलालाही इंग्रजीत ए-एलवालं प्रिन्सिपलच म्हणतात, तर पतसंस्थेच्या नोटिशीत मुद्दलाच्या जागी परत तेच तत्त्व. कर्जाच्या कागदावर! ग्रुपवर कुणी धीर द्यायला गेलं की 'लूज'मध्ये हमखास एक ओ जास्त. धीर गमावू नको म्हणायचंय, लिहितात सैल.

"इंग्रजी काय आपली भाषा हाय?" हे तर ऐकूनच घेणार नाही. मराठीत तरी काय दिवे लावलेत? 5 सप्टेंबरला आमच्या चौकात भला मोठा फ्लेक्स, 'शिक्षक दीन'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब बिचारा. एका वेलांटीनं अख्ख्या गावातले मास्तर केविलवाणे करून टाकले, आणि खाली तीस जणांचे हसरे फोटो. एकालाही खटकलं नाही.

आता म्हणतोय, नवीन पाटीचे पैसे वेगळे पडतील. एक रुपया देणार नाही. शनिवारी संध्याकाळी बरोबर पाटी हातात पाहिजे. सर स्टेजवर चष्मा लावून आधी स्पेलिंगच वाचणार आहेत.