पडद्यावर खोका झकास मिटतो

फेणीच्या बाटलीचा खोका म्हणजे चार भिंती, चिकटवायची एक पट्टी, वर टक, म्हणजे आत खोचायचे झाकण, आणि खाली लॉक, म्हणजे एकमेकांत अडकणारे बुड. पोरांच्या हस्तकलेच्या तासाला करून घ्यावा इतका सोपा, असे ज्यांना वाटते त्यांनी तो एकदा कॅडमध्ये, म्हणजे आम्ही खोके आखणारे वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, काढून बघावा.

सुरुवात मापापासून. गिऱ्हाईक फोनवर सांगते, "बाब, ७५० मिलीची बाटली. नेहमीचीच." काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते फेणीला, बाटलीला नाही. तिचा व्यास तळाशी एक, खांद्याशी दुसरा. म्हणून आम्ही म्हणतो, बाटलीच पाठवा. येते. रिकामी येते, हे वेगळे सांगायला नको.

व्हर्नियरने माप घेतले की सॉफ्टवेअर आपले काम चुटकीसरशी करते. साठ्यातला नमुना निवडा, आतली लांबी, रुंदी, उंची भरा, पुठ्ठ्याची जाडी लिहा, आराखडा हजर. गोम आहे ती जाडीत. तिथे लोक ३०० जीएसएम असा निरोप पाठवतात. अहो, ते दर चौरस मीटरचे वजन झाले, ग्रॅममध्ये! तेवढ्याच वजनाचा एका गिरणीचा बोर्ड ०.४ मिलिमीटर भरेल, दुसरीचा जास्त फुगीर निघेल.

जाडी बरोबर पडली की प्रोग्रॅम चौथी भिंत, म्हणजे जी पट्टीवर चिकटते ती, अर्धा मिलिमीटर कमी करतो. नाहीतर पेस्टिंगनंतर तिची कड कोपऱ्याबाहेर डोकावते. टकाचा फ्लॅपही तो किंचित अरुंद ठेवतो, आत सरकायला. हे सगळे आपोआप होते. मग फाइल कलाकाराकडे जाते. तो ती कोरेलड्रॉमध्ये उघडतो, चार भिंतींतली एक कमी भरते हे त्याच्या शोधक नजरेला दिसते, आणि तो चारही सारख्या करून टाकतो. वर कळवतो, "तुमची एक चूक होती, दुरुस्त केली."

गिऱ्हाइकाला मात्र यातले काही दाखवायचे नसते. त्याला दाखवायची ती थ्रीडी घडी. कळ दाबली की खोका गिरक्या घेत मिटतो, बाजूचे छोटे फ्लॅप एकमेकांना भुतासारखे आरपार ओलांडतात, आणि समोरचा माणूस खूश. खरा पुठ्ठा भूत नसतो. तो अडतो, आणि जोर केला तर फाटतो.

घडीचेही गणित आहे. क्रिजिंग म्हणजे पोलादी पट्टीने पुठ्ठा खाचेत दाबून घडीची रेघ पाडणे. त्या खाचेची रुंदी म्हणजे बोर्डाच्या जाडीची दीडपट, अधिक क्रिजिंग पट्टीची जाडी. ०.४ चा बोर्ड आणि ०.७१ ची पट्टी घेतली तर १.३१, म्हणजे १.३ ची खाच. अरुंद घेतली तर घडीवर छपाई तडकते, रुंद घेतली तर घडी भलतीकडेच पडते. तंतूंची दिशाही आराखड्यावर बाणाने दाखवायची. तंतू खोक्याभोवती आडवे फिरायला हवेत, उभे गेले तर भिंती पोट काढतात. हा बाण फिरवून एका शीटवर दोन खोके जास्त बसतात, हा शोध दर मोसमात कोणीतरी नव्याने लावतो.

आणि आपला पावसाळा! जूनमध्ये गोव्यातल्या वेर्ण्याच्या गोदामात उघडा पडलेला बोर्ड हवेतले पाणी पितो. तंतू लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, शीट वळते, छपाई एकीकडे आणि पंचिंगचा, म्हणजे खोक्याचा आकार कापायचा, कट दुसरीकडे. शिव्या कॉम्प्युटरला.

बुडाचा वाद ठरलेलाच. भरलेली काचेची बाटली किलोच्या वर जाते, तिला ऑटो लॉक बुडच हवे, आधीच चिकटवलेले आणि खोका उघडताच आपोआप अडकणारे. गिऱ्हाइकाला पेस्टिंगचे पैसे वाचवायचे असतात, म्हणून खालीही टकच हवा. खोका उचलला की हातात खोका राहतो. फेणी फरशीवर.

शेवटी सगळे मंजूर होते. लेझरने प्लायवूड कापून त्यात पात्या ठोकल्या जातात, सहा अप्सची डाय, म्हणजे एका दाबात सहा खोके कापणारा साचा, तयार. आणि फोन येतो, "जरा उंची वाढवून द्या ना. त्या दिवशी माझ्यासमोर एक आकडा बदललात आणि झाले!"

"पण बाटली तीच ना?"

"बाटली तीच हो. बूच तेवढे लाकडी केलेय. १२ मिलिमीटर वर येते."