नववी इनिंग बाकी होती

आजचा राग आजच काढतो. उद्या कदाचित मीच ही पोस्ट उडवून टाकीन.

बॉस्टनच्या फेनवे स्टेडियमवर बेसबॉलची मॅच होती, नऊ इनिंगची. आपले बॉस्टनचे रेड सॉक्स विरुद्ध जुने वैरी, न्यूयॉर्कचे यांकीज. आम्ही ओळखीतल्या चौदा मराठी जणांनी मिळून तीन महिन्यांपूर्वी तिकिटं काढलेली. सातवी इनिंग संपली, यांकीज चार रनांनी पुढे, आणि आमची मंडळी चुळबुळायला लागली. "चला, ट्रॅफिकच्या आधी निघू." आठवी संपेपर्यंत अकरा जण गायब! उरलो मी, बायको आणि लेक. दुसरी कुठली टीम असती तर एक शब्द बोललो नसतो. पण समोर यांकीज आहेत हो! भर पंगतीतून उठून हात धुवायला जाता का तुम्ही?

मान्य, उद्या सोमवार आहे, पोरांची शाळा आहे. ठीक.

१७ ऑक्टोबर २००४, तोही रविवारच होता. बाबा कराडहून येऊन आठ दिवस झालेले, जेट लॅगमुळे रात्रभर टक्क जागे. सातपैकी चार मॅच जिंकायच्या मालिकेत यांकीज ३-० पुढे. आदल्या रात्री आपण १९-८ असा मार खाल्लेला. सहाव्या इनिंगमध्ये यांकीज ४-३ असे पुढे गेले आणि मी उठलो. म्हटलं, "बाबा, झोपा आता. संपलं." ते म्हणाले, "संपलं कसं? अजून आउट व्हायचेत ना?"

बेसबॉलचे नियम कळून आठ दिवस झालेल्या माणसाला जे समजलं, ते वीस-वीस वर्षं इथे राहिलेल्यांना समजत नाही. क्रिकेटमध्ये एका बॉलला वीस रन हवे असले की उठा खुशाल. इथे ओव्हर नाहीत. नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन आउट; सत्ताविसावा आउट काढेपर्यंत समोरच्याला जिंकताच येत नाही, कितीही पुढे असू दे. आणि वेळेचं रडगाणं तर सांगूच नका. २०२३पासून पिच क्लॉक आहे, म्हणजे बॉल टाकायला घड्याळाची मर्यादा; पिचरला टंगळमंगळ करता येत नाही, मॅच पूर्वीपेक्षा लवकर आटोपते. बाबांनी पाहिली ती पाच तास चालली होती.

सकाळी चहा पिताना म्हणाले, "अरे, तुझे लाल मोजेवाले जिंकले." मग सगळं साभिनय. नवव्या इनिंगला समोर यांकीजचा हुकमी पिचर रिव्हेरा, म्हणजे संपल्यातच जमा. "एक पोरगा आला बघ, बॅट हातात धरली नाही, नुसता पळायला आला." तो आपला डेव्ह रॉबर्ट्स, पहिल्या बेसवर दुसऱ्याच्या जागी पळायला आलेला. दुसरा बेस चोरायलाच, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून गाठायलाच आलाय हे अख्ख्या स्टेडियमला ठाऊक. त्याला आउट करायला रिव्हेराने तीनदा बॉल पहिल्या बेसकडे फेकून बघितला. मग पिच टाकला आणि पठ्ठ्या सुटला. थोडक्यात वाचला. आपल्या म्युलरच्या फटक्यावर रॉबर्ट्सचा रन, बरोबरी; जादा खेळात, बाराव्या इनिंगला आपल्याच ऑर्टिझचा होम रन. तिथून ओळीने चार जिंकून यांकीजना घरी बसवलं, आणि पुढे ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद!

ते सगळं बाबांनी आवाज बंद करून, एकट्याने बघितलं. वरच्या खोलीत मी घोरत होतो.

"उठवलं का नाहीत?"

"तुला सकाळी ऑफिस होतं."

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला खरा. २००४ला मीही उठूनच गेलो होतो की. तेही घरातून, जिथे पार्किंगचे पैसे पडत नव्हते. बाबा आता नाहीत. त्या रात्रीबद्दल त्यांना नीट विचारायचंही राहून गेलं.

पण म्हणूनच सांगतोय ना!

आणि नाही, आज चमत्कार वगैरे झाला नाही. नवव्या इनिंगला दोन आउट असताना आपण तीन रन काढले, दुसऱ्या बेसवर माणूस, अख्खं फेनवे उभं. लेक खुर्चीवर चढून किंचाळत होती. शेवटचा बॉल ग्रीन मॉन्स्टरच्या, म्हणजे फेनवेच्या त्या उंच हिरव्या भिंतीच्या पायथ्याशी झेलला गेला. एका रनाने हरलो.

गाडी बाहेर काढायला पाऊण तास लागला. ग्रुपवर "सुखरूप पोहोचलो, मस्त झाली मॅच" असे मेसेज येऊन पडले होते. मस्त झाली म्हणे. अजून उत्तर दिलेलं नाही.