छप्पर आधी कोणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चौल-रेवदंड्याकडच्या आमच्या गावात निसर्ग वादळाने चर्चचं छप्पर उडालं; त्या चर्चच्या नव्या छपराबद्दलच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की लोकांच्या घरांवर ताडपत्र्या फडफडत असताना वसईच्या धर्मग्रामाने, म्हणजे तिथल्या एका चर्चच्या भाविकांनी, प्रार्थनेच्या जागेवर पैसे घातले, ते थेट घरांना द्यायला हवे होते. अशी मदत गावाला मिंधं करते, असंही तुमचं म्हणणं. आणि कौलं जाऊन पत्रे आले तेही तुम्हाला खटकलं. तुमचा राग गावाच्या बाजूने आहे. म्हणूनच नुसते आभार मानून मोकळं होणं मला पटलं नाही.

आधी कशाच्या मागे काय झालं ते सांगतो. 3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कोरोनामुळे राज्यातली प्रार्थनास्थळं बंदच होती. ती उघडली 16 नोव्हेंबरला, पाडव्याला. म्हणजे त्या पावसाळ्यात चर्चमध्ये मिस्सा (सामूहिक प्रार्थनाविधी) होणारच नव्हती आणि छपराची घाई कोणालाच नव्हती. वसईहून पहिल्या टेम्पोत आले ते तांदूळ, मेणबत्त्या, ताडपत्र्या आणि पत्रे, आणि ते सगळे घराघरांत गेले. वेदी पावसाळाभर प्लॅस्टिकखाली झाकलेली होती. पूर्ण पडलेल्या घराची सरकारी मदत 95,100 वरून दीड लाख रुपये झाली हे खरं, पण आमच्याकडे बहुतेकांच्या भिंती उभ्या होत्या आणि छप्पर तेवढं गेलं होतं. अशा घराला मिळणारी रक्कम फार लहान. ती तूट भरून काढायला वसईचे पैसे आधी वापरले गेले. चर्चचं काम पाऊस सरल्यावर निघालं.

आता खुद्द छपराविषयी. वारं ताशी 110 ते 120 किलोमीटरचं होतं. भयंकर होतंच, पण इमारतींच्या भारतीय मानकात मुंबईसाठी धरलेला मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर आहे. नीट बांधलेलं छप्पर टिकायला हवं होतं. आपण समजतो की वारा छप्पर पाडतो. खरं तर तो ते उचलतो. आढ्यावरून पलीकडे जाताना तो पत्र्याला वर ओढतो आणि फुटलेल्या खिडकीतून आत शिरलेला वारा खालून रेटतो. आमच्या शेतात सापडलेल्या एका पत्र्यात खिळा डोक्यासकट तसाच अडकून होता, गंजलेला, त्याच्या टोकाला लाकडाची चिमूटभर भुकटी. वाशाने तो नुसता सोडून दिला होता. जून महिन्यात घाईघाईने घरांवर जे पत्रे चढवले, तेही तसल्याच खिळ्यांनी ठोकलेले होते.

वसईच्या धर्मग्रामातले एक इंजिनिअर काम बघायला यायचे. त्यांनी आमच्याच सुतारांकडून लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने जखडून घेतल्या, खिळ्यांऐवजी जे-हुक (पत्र्याला खालून आवळून धरणारे वाकडे बोल्ट) आणि रुंद वायसर वापरायला लावले, आणि पागोळी व आढ्याच्या कडेला हुक दाट घातले, कारण ओढ तिथेच सर्वांत जास्त असते. चर्चवर हात बसल्यावर याच सुतारांनी घरोघर जाऊन जूनमधले पत्रे पुन्हा बांधून दिले. त्या हुकांचा आणि मजुरीचा खर्च चर्चच्या हिशेबात धरलेला आहे. ज्यांच्या सुपारीच्या बागा झोपल्या त्यांना नव्या झाडाच्या उत्पन्नासाठी कित्येक वर्षं थांबायचं होतं; त्या हिवाळ्यात रोख मजुरी मिळाली ती या कामावर. चर्च आणि घरं अशी दोन खाती तुम्ही पाडलीत. आमच्याकडे ती तशी वेगळी नव्हती.

मिंधेपणाची भीती मात्र निराधार नाही. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी आधी आणि गटार नंतर, असं मीही पाहिलं आहे. इथे काय बांधायचं ते गावाच्या सभेत ठरलं, पाटी लागली नाही, हिशेब ओसरीवर चिकटवला होता. शिवाय वसई आम्हाला परकी नाही. 1739 मध्ये वसई आणि 1740 मध्ये चौल-रेवदंडा पोर्तुगीजांच्या हातून गेले, त्यानंतर दोन्हीकडच्या ख्रिस्ती माणसांनी आपापल्या गावात श्रद्धा सांभाळली. शेजारच्या कोर्लईत तर पोर्तुगीजमिश्रित बोली आजही घराघरात बोलतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ समुद्रातून उत्तरेकडे गेलं, तेव्हा वसईत केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि त्या धर्मग्रामाच्या सभागृहाचे पत्रे उचकटले. निर्बंध सैल होताच आमचे दोघे सुतार तिकडे गेले, मजुरी न घेता. ही देवाणघेवाण मला फार मोलाची वाटते, आणि तिला दानधर्म म्हटलेलं मला सहन होत नाही.

कौलांची हळहळ मलाही आहे. मंगलोरी कौल रिपेवर (वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीवर) स्वतःच्या वजनाने बसलेलं असतं, म्हणून पहिल्या तडाख्यात ती सुटली आणि बहुतेक फुटली. शाबूत राहिली ती ओसरीवर लावली आहेत, प्रत्येक कौल तारेने रिपेला बांधून. पत्र्यावर पाऊस एवढा वाजतो की मागच्या बाकांवर प्रवचन ऐकू येत नाही, ही तक्रारही खरी. पत्र्याखाली लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं आतलं छत, करायचं ठरतंय. त्याचे पैसे वसईकडे मागायचे नाहीत, गावातच जमवायचे, असं सभेत एकमताने ठरलं, आणि वर्गणी सुरू झाली आहे.