उजवीकडे हिरवं काय?

भाऊबीजेच्या जेवणात श्रीखंड-पुरी ठरलेली, बटाट्याची पिवळी भाजी ठरलेली, मसालेभातही ठरलेला. या तिघांविषयी कुणी तोंड उघडत नाही. वाद होतो तो पानात उजवीकडे, बटाट्याला चिकटून बसणाऱ्या हिरव्या भाजीवर. ती प्रत्येक जण मोजून दोन चमचे खाणार असतो. पण तिच्यासाठी जेवढे फोन होतात तेवढे मुंबईत घर घेतानाही होत नसतील.

माझं मत विचाराल तर हिरवी भाजी निवडायची नसते. बाकीच्या भाज्या बाद करत जायचं आणि जी उरेल ती करायची.

पहिली चाळणी धर्माची. भाऊबीज येते कार्तिक शुद्ध द्वितीयेला आणि चातुर्मास सुटतो कार्तिकी एकादशीला. म्हणजे दिवाळी होऊन चकल्या मऊ पडल्या तरी आत्यांचं कांदा-लसूण-वांगं बंदच. दुसरी चाळणी डॉक्टरांची. काकांना मुतखडा, त्यामुळे ऑक्झलेटवाला पालक नको. मावशींना रक्त पातळ ठेवायची गोळी, त्यामुळे एरवी न खाल्लेली पालेभाजी सणाच्या नावाखाली एकदम वाटीभर नको. आजोबांची कवळी, म्हणून गवार नको. शीर नीट न काढलेली एकच शेंग कवळीखाली गेली की जेवण थांबतं आणि सगळी पंगत आजोबांच्या तोंडाकडे बघत बसते. तिसरी चाळणी मुलांची. तिच्यातून काहीच खाली पडत नाही, म्हणून ती लावूच नये. कारल्याचा विषय नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट फुटतं तेव्हाच मिटलेला असतो.

मग उरलेल्यांची छाननी. मेथीच्या जुड्या निवडायला घर रात्रभर बसतं आणि कढईत त्यांचं पाव होतं. शिवाय पालेभाजीला पाणी सुटतं आणि ताटाला खण नसतील तर ते थेट श्रीखंडाच्या दिशेने निघतं. तोंडली मसालेभातात आधीच गेलेली. मटाराचा खरा हंगाम थंडीतला, दिवाळीत भाव ऐकून माणूस पिशवीची घडी घालतो. फ्रोजन मटार चांगले असतात, पण ते फ्रोजन आहेत हे पंगतीत कुणीतरी मोठ्याने सांगतंच. कोबी हिरवा की पांढरा यावर आमच्याकडे अजून निकाल लागलेला नाही.

भेंडीला मात्र न्याय द्यायला हवा, कारण ती चारजणांत उत्तम आणि १४ जणांत हमखास फसते. भेंडी धुऊन, पुसून, कापडावर पसरून पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरायची. चिरलेल्या भेंडीला पाणी लागलं की तार सुटलीच म्हणून समजा. परतताना झाकण नाही, मीठ शेवटी, दोन आमसुलं टाकली की आंबटपणाने चिकटपणा तुटतो. हे सगळं खरं, पण कढईत भेंडीचा जेमतेम एक थर असेल तरच. दीड किलो भेंडीचा ढीग घातला की वरची भेंडी खालचीच्या वाफेत भिजते आणि तयार होतो तो डिंक.

उरते फरसबी. तिच्यावर कुणाचं प्रेम नाही आणि कुणाचा विरोधही नाही. अशी माणसं निवडून येतात, मग भाजी का येऊ नये?

खरेदी पाडव्याच्या आत करावी, कारण पाडव्याला निम्मे भाजीवाले जागेवर नसतात आणि उरलेले निम्मे तुमची गरज ओळखून असतात. दादर स्टेशनबाहेर सकाळी लवकर गेलात तर शेंग मोडून बघायला जागा तरी मिळते. कट् असा आवाज करून मोडली तर घ्यायची. वाकली पण मोडली नाही तर शिळी. दाण्यांचे उंचवटे दिसले तर जून. माणशी शंभर ग्रॅम धरून १४ जणांना दीड किलो, देठं-शिरा जाऊन पुरते. आधी धुवायची, मग दोन्ही कडेच्या शिरा काढायच्या, मग बारीक गोल चिरायची. आदल्या रात्री चिरून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या खणात ठेवली तरी चालते. चिरायला दोन माणसं आणि एक तास लागतो. तिसरं माणूस नको, ते जाड चिरतं.

कढया दोन घ्या, ढिगाचा नियम इथेही लागू आहे. प्रत्येकीत दोन मोठे चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, उभ्या चिरलेल्या चार हिरव्या मिरच्या. हळद चिमूटभरच, नाहीतर भाजी बटाट्यासारखी दिसते आणि मग एवढा खटाटोप कशासाठी केला? फरसबी घालून पहिली पाच मिनिटं मोठ्या आचेवर उघडीच परतायची. शिजताना भाजीतलीच आम्लं सुटतात, ती झाकणाखाली कोंडली की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि भाजी पोलिसांच्या वर्दीच्या रंगाची होते. नंतर झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. मीठ ती आळल्यावर, कारण सुरुवातीच्या ढिगाकडे बघून घातलेलं मीठ शेवटी दुप्पट लागतं. किंचित साखर. गॅस बंद करून खवलेला नारळ, दोन कढयांत मिळून अर्धी वाटी. लिंबू पानात पिळायचं, कढईत कधीच नाही. टोमॅटो घालायला सुचवणाऱ्याला पाणी भरायला पाठवावं.

चिमूटभर सोडा घाला, रंग टिकतो, असा सल्ला हमखास मिळतो. रंग टिकतो हे खरं. पण शेंग लिबलिबीत होते, क जीवनसत्त्व जातं, आणि जास्त पडला तर भाजीला साबणाची चव येते.

एवढं करूनही घात होतो तो कॅसरोलमध्ये. हौसेने बाराला भाजी करून गरम गरम भरून ठेवली आणि पाहुणे दोनला आले, तर झाकण काढल्यावर आत खाकी भाजी. पाहुणे दोनलाच येतात, कारण सुट्टीच्या दिवशी लोकल रविवारच्या वेळापत्रकाने धावते. म्हणून घड्याळ बघू नये, फोन करावा. डोंबिवलीहून निघालेल्या आत्यांची गाडी घाटकोपरला आली की फोडणी. त्या दादरला उतरून, जिना चढून, चपला काढेपर्यंत भाजी उतरते. तिसऱ्या बर्नरवर पुरीचं तेल असतं, त्यामुळे बटाटा त्याआधीच उरकलेला हवा.

आणि एका कढईतली निम्मी भाजी नारळ न घालता बाजूला काढून ठेवावी. ऑक्टोबरच्या उकाड्यात नारळाची भाजी बाहेर राहिली तर संध्याकाळी आंबते. बिननारळाची निवली की फ्रीजमध्ये जाते. दुसऱ्या दिवशी त्याच भाजीत कणीक, थोडं बेसन, तिखट-मीठ घालून थापलं की डब्याला थालीपीठं होतात. त्यात कांदा बारीक चिरून सढळ हाताने घालावा, आत्या तोवर डोंबिवलीला पोचलेल्या असतात.