सीटबेल्टला एकच ओळ?

व्होल्वो या स्वीडिश कंपनीवरच्या तुमच्या लेखात १९२७ ची तिची पहिली गाडी, १९९९ ला फोर्डकडे आणि २०१० ला चीनच्या जीलीकडे गेलेला कार व्यवसाय, सगळं नीट आलंय. पण १९५९ चा तीन बिंदूंचा सीटबेल्ट तुम्ही एका ओळीत उरकलात, याची फार हळहळ वाटली. तो बनवणारे निल्स बोलिन आधी विमानं बनवणाऱ्या साब कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करायचे. व्होल्वोत आल्यावर त्यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा, एका हाताने लावता येणारा पट्टा दिला. आणि पेटंट हातात असूनही कंपनीने तो इतर सगळ्या कंपन्यांना वापरू दिला! केवढं मोठं मन! लेकीला आमच्या मारुतीत पट्टा लावताना मला बोलिन हमखास आठवतात.